मयताची बोटं

झडती घेणारा शिपाई नवा होता, आणि नव्या शिपायाला डोळे जरा जास्तच असतात.

जुने शिपाई फ्रेमवाल्याची पत्र्याची पेटी उघडायचे, कपडे उचलून खाली टाकायचे, पेला, ताटली, चष्मा यांवरून नजर फिरवायचे आणि पुढच्या पेटीकडे वळायचे. हा नवा मात्र उकिडवा बसला. पेटीच्या झाकणाला आतून एक फोटो चिकटवलेला होता. स्टुलावर बसलेली एक म्हातारी आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवून मागे उभा असलेला एक पुरुष.

"ही कोण?"

"आई."

"आणि हा मागचा? तू?"

इथे फ्रेमवाल्याने नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. दोघा भावांचे चेहरे एकाच साच्यातले. तुरुंगाच्या फाटकावरच्या शिपायानेही फोटो आत सोडताना मागे उभा आहे तो हाच, असं धरून चाललं होतं. पण फ्रेमवाल्याचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या फोटोंना चौकटी करण्यात गेलेलं. फोटोत कोण आहे असं कुणी विचारलं की जे खरं तेच सांगायचं, नाहीतर एकाचा बाप दुसऱ्याच्या भिंतीवर जातो. ही सवय त्याच्या जिभेत मुरली होती.

"नाही," तो म्हणाला, "तो माझा धाकटा भाऊ."

शिपायाने मान वर केली. "म्हणजे ज्याला तू..."

"हो. तोच."

शिपायाने नखाने फोटोचा कोपरा उचलला आणि हलक्या हाताने सगळा फोटो सोलून काढला. फ्रेमवाला बघत राहिला. फोटो सोलायची रीत बरोबर होती, फाटला नाही, एवढंच त्याच्या मनात आलं. फोटो गेला हे ध्यानात आलं ते नंतर, शिपाई दाराबाहेर गेल्यावर.

तुरुंगात कैद्याने काय बाळगावं आणि काय बाळगू नये याचे नियम असतात. त्यातला एक असा होता, की ज्याच्यावर गुन्हा घडला त्या माणसाचं चित्र गुन्हा करणाऱ्याच्या सामानात असता कामा नये. मयताच्या वारसाने लेखी संमती दिली असेल तरच चालेल. नियमामागे कारण होतं. पूर्वी कुणा एका कैद्याने आपण मारलेल्या बाईचा फोटो भिंतीला लावला होता आणि येणाजाणाऱ्याला दाखवून तो हसत असे. त्याचं हसणं बंद करायला नियम आला. पण मारणारा आणि मरणारा एकाच पोटचे असले तर काय, हे नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"गाढवा," संध्याकाळी बराकीत मुनीम म्हणाला, "मीच आहे म्हणायला काय झालं होतं तुला?" हा मुनीम एका पतपेढीत होता आणि पतपेढी बुडवून इथे आला होता. खोटं बोलणं हे त्याच्या लेखी तोंड धुण्याइतकं साधं काम होतं.

"तो मी नव्हतो ना," फ्रेमवाला म्हणाला.

"वा! भावाच्या डोक्यात लोखंडी पट्टी घालताना हात अडखळला नाही आणि शिपायाशी खोटं बोलताना जीभ अडखळते. धन्य आहेस, बाबा."

मुनीम म्हणत होता ते खरंच होतं. त्या दिवशी त्याच्या हातून चौकटीचा एक कोपरा नीट जुळला नव्हता, फट राहिली होती. धाकट्याने गिऱ्हाइकासमोर हसत हसत म्हटलं, "दादा, आता डोळे गेले तुझे. गल्ल्यावर बस, कोपरे मी जुळवतो." गिऱ्हाईकही हसलं आणि निघून गेलं. एवढंच. एवढ्यावरून माणूस मरतो का? मेला.

फोटो आईने स्वतः आणून दिला होता. खटला चालला तेव्हा ती आली नाही, शिक्षा झाली तेव्हाही नाही. मग अचानक एका भेटीच्या दिवशी जाळीपलीकडे येऊन उभी राहिली. धापा टाकत होती. "आता पुन्हा यायचं काही जमायचं नाही," ती म्हणाली, "हा ठेव. भिंतीवरचा काढून आणलाय." त्याने विचारलं, "तिला सांगितलंस का?" तिला म्हणजे धाकट्याच्या बायकोला, आई तिच्याच घरी राहत होती. आई म्हणाली, "ते मी बघेन." आणि बघायच्या आत गेली. बातमी कळली तेव्हा तो तुरुंगाच्या बाईंडिंग खात्यात पुठ्ठे कापत होता. जेलरने निरोप सांगितला, आणि त्याने हातातला पुठ्ठा शेवटपर्यंत कापला, कारण अर्धवट कापलेला पुठ्ठा वाया जातो.

त्या आईचा जगात हा एकच फोटो. फ्रेमवाल्यांचं घर, पण घरात फोटो नाहीत; दिवसभर परके चेहरे पुसून जीव विटायचा. शिवाय आईला कॅमेऱ्याचा तिटकारा. कुणी समोर धरला की उठून आत जायची. एकदाच दुकानात धाकट्याने तिला खांदे धरून स्टुलावर दाबून बसवलं, "आता पळून दाखव," म्हणाला आणि ती हसली. फोटो काढला तो दादाने. म्हणून फोटोत तो नव्हता.

"कोर्टात जा," मुनीम म्हणाला. "फुकटच्या वकीलबाई दर महिन्याला येतात. त्यांनाही काहीतरी काम हवं असतं."

वकीलबाई वयाने लहान होत्या आणि मान वाकडी करून ऐकायच्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "आईचा फोटो मागणं हा तुमचा हक्क आहे. नियम तोकडा आहे, तुमची मागणी नाही. पण एक सांगून ठेवते, काका. कोर्टात मी बोलेन. तुम्ही बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतोय?"

"सगळे असंच म्हणतात."

कोर्टाची खोली उंच छताची होती आणि पंखे आवाज करत होते. फ्रेमवाल्याला दोन शिपायांच्या मधे बाकावर बसवलं. न्यायाधीश म्हातारे होते. प्रत्येक कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचायचे. फोटो त्यांच्यापुढे पाकिटात होता.

वकीलबाई चांगल्या बोलल्या. एका पोटी जन्मलेल्यांना नियमाने कसं वेगळं करणार, असं त्यांनी विचारलं. मयताच्या सख्ख्या आईने स्वतःच्या हाताने फोटो आणून दिला, याहून मोठी संमती कोणती, असंही विचारलं.

सरकारी वकील जाडजूड आणि खेळकर होते. "संमती लेखी हवी," ते म्हणाले. "अधीक्षकांसमोर हवी. आणि बाई आता हयात नाहीत. तरी आम्ही काही दगड नाही. फोटो कापून आईपुरता भाग द्यायला सरकारची तयारी आहे. अडचण एकच. मयताचे हात आईच्या खांद्यांवर आहेत. आई द्यायची तर बोटं सोबत जातात. आणि बोटं मयताची आहेत."

न्यायाधीशांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "नुसत्या बोटांवरून माणूस ओळखता येतो का हो?"

"पोलीस ओळखतात, साहेब."

कोर्ट हसलं. शिपाई हसले. फ्रेमवाल्यालाही क्षणभर हसू आलं, कारण धाकटाही असंच बोलायचा. मग ते ओठांवरच वाळलं.

"मयताची पत्नी आहे ना?" न्यायाधीश म्हणाले. "तिला बोलवा. तिने संमती दिली तर आपल्या सगळ्यांचाच प्रश्न मिटतो."

वकीलबाई स्वतः तिला भेटून आल्या. फ्रेमवाल्याला म्हणाल्या, "बाई रागीट आहे, पण वाईट नाही. दुकान तीच चालवते आता. मी सासूबाईंचं सांगितलं तेव्हा बराच वेळ एकच काच पुसत राहिली. मग म्हणाली, येते. मला आशा आहे, काका."

पुढच्या तारखेला भावजय आली. फ्रेमवाल्याने तिला ओळखलं ते तिच्या हातांवरून. बोटांवर काचेने कापल्याचे बारीक पांढरे ओरखडे होते, एकेकाळी त्याच्या हातांवर असायचे तसे. केस पिकले होते. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पिंजऱ्यात उभी राहिली आणि विचारायच्या आधीच बोलायला लागली.

"आईंनी मला न विचारता फोटो नेला. परत आले तर भिंतीवर नुसता खिळा. मी त्यांच्याशी भांडले. चार दिवस बोलले नाही. आणि मग त्या..." तिने पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवला. "त्यांना तो याच्याकडे असावा असं वाटत होतं. मला वाटत नाही. पण मेलेल्या माणसाशी किती भांडायचं? राहू दे त्याच्याकडे."

"पूर्ण फोटो?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पूर्ण. कापाकापी नको. एकदा झाली तेवढी पुरे."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले, जसं काही ओझं खाली ठेवलं. न्यायाधीश लेखनिकाकडे वळले. फ्रेमवाल्याने पेटीच्या झाकणावरची जागा आठवली. आई परत येत होती.

तेवढ्यात सरकारी वकील उठले. कामच ते. "साहेब, संमतीचा मान राखतो. पण उद्या इतर कैदी म्हणतील की मारलेल्या माणसाचं चित्र उघडं लावून बसायची मुभा झाली. नियमाचा हेतूच राहत नाही. काही बंदोबस्त हवा."

"कसला बंदोबस्त?" न्यायाधीश वैतागले. त्यांची नजर सहज बाकाकडे गेली. "तुम्ही काय करत होता बाहेर?"

वकीलबाईंनी मान हलवली, बोलू नका. पण कैक वर्षांत त्याला कुणी त्याच्या कामाचं विचारलं नव्हतं. तो उभा राहिला. पाठ आपोआप ताठ झाली.

"फोटो-फ्रेमा, साहेब. सोपं आहे हे. माउंट टाकायचा. म्हणजे वरून जाड पुठ्ठा, त्याला खिडकी कापायची, आणि खिडकीत हवा तेवढाच माणूस ठेवायचा. गिऱ्हाइकं यायची, लग्न मोडलेला जावई झाकून द्या म्हणायची. फोटो जसाच्या तसा राहतो, कात्री लागत नाही. मी आईपुरती खिडकी कापतो. बोटंसुद्धा पुठ्ठ्याखाली घेतो, कडेला अशी गोलाई दिली की समजत नाही." त्याने हवेत अंगठ्याने गोलाई काढून दाखवली. "तो आत राहील, पण वरून बघणाऱ्याला मागे कुणी माणूस आहे याचा पत्ता लागायचा नाही. माझा हात बसलाय यात."

सरकारी वकिलांनी कौतुकाने मान डोलावली. न्यायाधीशांनाही पटलेलं दिसलं. फ्रेमवाला खाली बसला. काम नीट समजावून सांगितल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"बसलाय खरा," भावजय म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण लेखनिकाचा हात थांबला.

"साहेब, मला आणखी बोलायचंय. त्या दिवशी मी दुपारचा डबा घेऊन दुकानात गेले. हा काउंटरवर गिऱ्हाइकाशी भाव करत होता. मी म्हटलं, हे कुठे आहेत? म्हणाला, माल आणायला गेलाय, येईल. मी मागच्या बाजूला जाऊन बसले. तिथे पुठ्ठ्यांची थप्पी होती. तिच्यावर बसले मी. डबा मांडीवर. बराच वेळ. पाय हलवत. याने मला पाणी आणून दिलं."

न्यायाधीशांनी फोटो खाली ठेवला.

"माझा माणूस त्या पुठ्ठ्यांखाली होता. वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नव्हता."

फ्रेमवाल्याला वाटलं, आपण काहीतरी म्हणावं. मी तसं नव्हतो म्हणत, मी फक्त कामाचं सांगत होतो. वकीलबाई त्याच्याकडे बघत होत्या आणि त्या नजरेत आता मान वाकडी करून ऐकणं नव्हतं.

"संमती बदलते मी," भावजय म्हणाली. "बदलता येते ना?"

"आदेश अजून झालेला नाही," न्यायाधीश म्हणाले. "म्हणजे नकार?"

"नकार कशाला? नियम म्हणतो, माझ्या माणसाचा फोटो याच्याकडे ठेवायला माझी संमती लागते. दिली. माझा माणूस ठेवू दे त्याने. पण आई माझ्या. दुखणं मी काढलं, घर माझं, भिंत माझी, फोटो माझा. आईंना मी घेऊन जाणार. फोटोतल्या आई कापून मला द्या आणि मागे उभा आहे तो याला द्या. रोज बघू दे. झाकायचा नाही, उलटा ठेवायचा नाही, फाडायचा नाही."

वकीलबाई उठल्या. "साहेब, याचिका आईच्या फोटोसाठी आहे!"

"याचिका वाचा, बाई," न्यायाधीश दमल्या आवाजात म्हणाले. "मयत ज्यात आहे असा फोटो बाळगायला मनाई नसावी, अशी तुमची मागणी आहे. ती मान्य होतेय. फोटोची मालकी कधी तुमची नव्हतीच. म्हातारीने न विचारता नेला होता."

"आणि बोटं?" सरकारी वकिलांनी विचारलं. या वेळी कुणी हसलं नाही.

भावजयीने पहिल्यांदाच फ्रेमवाल्याकडे सरळ पाहिलं. "बोटं आईंच्या खांद्यावर राहू देत. ते हात मला हवेत. मनगटापासून कापा."

आदेश झाला. कोर्टाच्या भाषेत वकीलबाई जिंकल्या होत्या. वारसाच्या संमतीने आणि वारसाच्या अटींवर असा फोटो कैद्याला मिळावा, असं नियमात लिहून आलं, आणि इतर तुरुंगांतल्या वकिलांनी त्यांना फोन करून अभिनंदन केलं. त्या पुन्हा फ्रेमवाल्याला भेटायला आल्या नाहीत.

"तुझ्यामुळे कायदा झाला, लेका," मुनीम म्हणाला. "मोठा माणूस झालास."

"मी पुठ्ठ्याचं बोलायला नको होतं."

"तू त्या दिवशी तिला पाणी द्यायला नको होतंस," मुनीम म्हणाला आणि कूस बदलून झोपला. बरीच माणसं बुडवलेला तो मुनीम, पण त्या दिवसापासून फ्रेमवाल्याशी जरा अंतर राखूनच वागायला लागला.

कापायचं कुणी, हा प्रश्न निघाला. कचेरीतल्या कुणाला बोटांच्या कडेने सरळ कात्री चालवता येईना. जेलरने फोटो घेतला आणि बाईंडिंग खात्यात आला.

"तूच काप. तुझा हात बसलाय म्हणे."

कटर साखळीने टेबलाला बांधलेला असायचा. झडतीवाला शिपाई बाजूला उभा राहिला, जेलर समोर खुर्ची ओढून बसला. फ्रेमवाल्याने फोटो पुठ्ठ्यावर ठेवला, चष्मा पुसला. आई हसत होती. त्याने तिच्याकडे जितकं बघता येईल तितकं बघून घेतलं आणि पातं टेकवलं.

आधी एक मनगट. मग दुसरं. पातं कुठे अडलं नाही. मग आईच्या खांद्यावरून मानेकडे, मानेवरून कानाकडे. तिथे त्याने श्वास रोखला आणि पातं केसभर आतल्या अंगाला घेतलं. फार नाही. कानामागचे पांढरे केस, सुतळीच्या धाग्याएवढी एक कड, धाकट्याच्या छातीला चिकटून राहील इतकी. पुढे पातं पुन्हा रेषेवर आणलं, डोक्यावरून फिरवलं आणि दुसऱ्या खांद्यापर्यंत उतरवलं. आई वेगळी झाली. तिच्या खांद्यांवर ती बोटं तशीच होती.

"झालं, साहेब."

जेलरने खिशातून भिंग काढलं. दोन्ही भाग शेजारी ठेवले आणि कड तपासत गेला. कानापाशी थांबला.

"हे काय?"

"सावली आहे, साहेब. मागच्या माणसावर पडलेली."

"सावलीला केस असतात?"

फ्रेमवाल्याने चष्मा पुन्हा पुसला.

"काढ."

"साहेब, एवढंसं आहे. तिला काय कळणार आहे?"

"आदेशात आई तिची आहे. सगळी. काढ."

त्याने काढली. कड सुटली आणि पात्याच्या बाजूला गुंडाळी होऊन पडली, पेन्सिलीच्या टरफलासारखी. जेलर भिंग खिशात ठेवत होता. फ्रेमवाल्याने बोट ओठाला लावलं, ओलं केलं आणि टेबलावर अलगद टेकवलं, जसा कारागीर कचरा उचलतो तसं.

"हां," जेलर म्हणाला. "बोट."

त्याने फ्रेमवाल्याचं मनगट धरलं, बोट पाकिटाच्या तोंडापाशी नेलं आणि ओली कड पाकिटाच्या आत पुसून घेतली. मग तिच्यावर आईला सरकवलं आणि पाकीट बंद केलं. "सही कर इथे. मिळालं म्हणून."

त्याने सही केली. उरलेला फोटो बराकीत नेऊन पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. धाकटा मनगटांवर संपलेले दोन्ही हात पुढे करून उभा होता, आणि जिथे आई बसली होती तिथे झाकणाचा पत्रा दिसत होता. चेहऱ्यावरचं हसू तेवढं शाबूत होतं.

फ्रेमवाल्याने पेटी लावली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"झाकण उघड," दारातून शिपाई म्हणाला. "झाकायचा नाही असं लिहिलंय."

त्याने उघडलं.

"असंच राहू दे. आणि तोंड इकडे कर."